धावपट्टीशेजारी खोदकाम

फेब्रुवारी २०२३ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात उपनगरी रेल्वेच्या विस्ताराचे काम चालू होते. जमिनीत छिद्र पाडणाऱ्या यंत्राने सुमारे पाच मीटर खोलीवरचा फायबर केबलचा जुडगा तोडला. १५ फेब्रुवारीला सकाळी लुफ्तान्सा या विमान कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली. प्रवाशांना विमानात बसवता येईना, उभी असलेली विमाने जागची हलेनात. विमाने उभी करायला जागाच उरली नाही, तेव्हा येणारी विमाने दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. एकट्या फ्रँकफर्टमध्ये दोनशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली. काम रेल्वेचे होते, केबल दूरसंचार कंपनीची होती आणि खोळंबले ते विमानप्रवासी. विमानतळाच्या कुंपणाला कोणी हातही लावला नव्हता.

तिथे तुटलेली केबल विमान कंपनीच्या कारभाराची होती, म्हणून नुकसान पैशांचे आणि वेळेचे झाले. तशीच केबल हवाई वाहतूक नियंत्रणाची, म्हणजे एटीसीची असेल, तर वैमानिक आणि नियंत्रक यांचे बोलणेच तुटते. बांधकाम आणि विमानांचे दळणवळण यांचा हा संबंध आपल्याकडे क्वचितच चर्चेला येतो. खान्देशात तो आता यायला हवा. जळगावला प्रवासी विमाने उतरतात. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूर तालुक्यात तांडे येथे वैमानिक घडवण्याचे काम झाले आहे. याच पट्ट्यात महामार्ग, रेल्वेमार्ग, जलवाहिन्या आणि भुयारी गटारांची खोदकामे एकामागून एक चालू आहेत. हे सारे एकमेकांना कुठे आणि कसे भिडते, याचा हा आढावा.

आवाज जातो कोणत्या वाटेने

विमान आणि नियंत्रक रेडिओवर बोलतात, एवढे सर्वांना ठाऊक असते. हे बोलणे मुख्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर किंवा पृथ्वीची वक्रता ओलांडून त्या फारशा वळत नाहीत. दहा हजार फुटांवरच्या विमानाशी जमिनीवरच्या अँटेनातून साधारण सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत बोलता येते. विमान हजार फुटांवर आले की हेच अंतर सत्तर-बहात्तर किलोमीटरवर येते.

त्यामुळे मुंबई किंवा नागपूरसारख्या मोठ्या केंद्रात बसलेला नियंत्रक शेकडो किलोमीटर दूरच्या विमानाशी स्वतःच्या इमारतीवरच्या अँटेनातून बोलू शकत नाही. त्या विमानाच्या वाटेवर जागोजागी दूरस्थ रेडिओ केंद्रे उभारलेली असतात. नियंत्रकाचा आवाज आधी जमिनीवरच्या जोडणीने तिथवर जातो आणि मग तिथल्या अँटेनातून आकाशात. रडारचे चित्रही असेच दूरच्या ठिकाणाहून येते. दोन नियंत्रण केंद्रांमधली थेट दूरध्वनी लाइन, उड्डाण आराखड्यांची देवाणघेवाण, हवामानाची माहिती हे सगळे जमिनीवरच्या जाळ्यातूनच फिरते. काही ठिकाणी उपग्रहाची किंवा मायक्रोवेव्हची जोड असते, पण मोठा भार केबलवरच असतो.

विमानतळाच्या आतही तीच स्थिती आहे. टॉवरपासून प्रक्षेपकापर्यंत, धावपट्टीच्या टोकाच्या मार्गदर्शक यंत्रांपर्यंत आणि दिव्यांपर्यंत चाऱ्यांमधून केबली गेलेल्या असतात. काही नव्या, काही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या. जुन्या केबलचा नकाशा कागदावर एक सांगतो आणि जमिनीत ती दोन मीटर बाजूला सापडते.

बांधकाम कसे आड येते

पहिला आणि सर्वांत सरळ मार्ग म्हणजे केबल तुटणे. नियमाने टाकलेली केबल चारीत वाळूच्या थरावर बसवतात, वर विटा किंवा फरश्या मांडतात, त्याच्या थोडे वर इशाऱ्याची रंगीत प्लास्टिक पट्टी अंथरतात आणि जमिनीवर ठरावीक अंतराने खुणेचे दगड रोवतात. खोदणाऱ्याला आधी पट्टी दिसावी, मग वीट लागावी आणि त्याने हात आखडता घ्यावा, असा त्यामागचा विचार आहे. पण जेसीबीचे बकेट एका घासात पट्टी, वीट आणि केबल तिन्ही उचलते. चालकाला झटकासुद्धा जाणवत नाही. फायबरची केबल बोटाएवढी जाड, तिच्यातले काचेचे तंतू केसाएवढे बारीक. पुन्हा जोडताना प्रत्येक तंतू स्वच्छ करून, काटकोनात कापून, यंत्राखाली वितळवून सांधावा लागतो. चारीत चिखल-पाणी भरले असेल तर आधी पंप लावा, मग तंबू ठोका, मग कामाला हात घाला. एका क्षणात तुटलेल्या केबलच्या दुरुस्तीत तासन्‌तास जातात.

दुसरा मार्ग वीज तुटण्याचा. रेडिओ आणि रडार बॅटरीवर व जनरेटरवर चालू शकतात, पण बॅटरीची क्षमता घटलेली असेल किंवा जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही, तर परिणाम केबल तुटल्यासारखाच होतो. तिसरा मार्ग अडथळ्याचा. अँटेनासमोर उभी राहिलेली क्रेन, लोखंडी सांगाडा किंवा उंच इमारत लहरी अडवते अथवा परावर्तित करते. विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणाऱ्या उपकरणांसमोर ठरावीक भाग मोकळा ठेवण्याचा नियम त्यासाठीच आहे.

चौथा मार्ग सर्वांत घातक, कारण तो घाव बसेपर्यंत दिसत नाही. मुख्य केबल आणि पर्यायी केबल एकाच चारीतून नेलेल्या असतात. कागदावर दोन मार्ग, जमिनीत एक. खर्च वाचतो, काम लवकर उरकते, आणि एका घावात दोन्ही जातात.

जगाने घेतलेला अनुभव

४ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकेत नेवार्क येथे दूरध्वनी कंपनीचेच कामगार जुनी केबल काढत होते. त्यांनी चुकून चालू फायबर केबल कापली. न्यूयॉर्कचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी कोलमडले आणि न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व बोस्टन परिसरातील हवाई नियंत्रणही विस्कळीत झाले. त्याच वर्षी ४ मे रोजी अमेरिकेतील २० मोठ्या हवाई नियंत्रण केंद्रांपैकी ४ केंद्रे सुमारे साडेपाच तास ठप्प झाली. कारण होते शेतातले खोदकाम. एका शेतकऱ्याने मेलेली गाय पुरण्यासाठी खड्डा खणला आणि त्यात फायबर केबल तुटली. त्या शेतकऱ्याने काही गैर केले नव्हते. आपल्या शेताखालून देशाचे हवाई नियंत्रण जाते, हे त्याला बहुधा ठाऊकही नसावे.

चौतीस वर्षांनंतरही प्रश्न सुटलेला नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी नेवार्क विमानतळाची वाहतूक सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियातील नियंत्रकांच्या पडद्यावरून विमाने गेली आणि रेडिओही बंद पडला. हा खंड दीड मिनिटाच्या आसपास होता, पण नंतर अनेक दिवस उड्डाणे विस्कळीत राहिली आणि काही नियंत्रक मानसिक धक्क्यामुळे रजेवर गेले. तिथे खोदकाम कारण नव्हते. दोष जुन्या तारांच्या जोडणीत होता. मात्र त्याच काळात नेवार्कची एक धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे सावरायला वाव कमी उरला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी डॅलसमध्ये ठेकेदाराच्या कामात फायबर केबली तुटल्या. पर्यायी मार्गाने काम चालू राहायला हवे होते, ते राहिले नाही. डॅलस-फोर्टवर्थ आणि लव्ह फील्ड या दोन्ही विमानतळांवर शेकडो उड्डाणे रद्द झाली किंवा रखडली.

या घटनांत जीव गेले नाहीत, कारण वैमानिकांना आणि नियंत्रकांना अशा वेळी काय करायचे याचे शिक्षण असते. रेडिओ गेला की वैमानिक ट्रान्सपाँडरवर ७६०० हा आकडा लावतो आणि रडारवर त्याची अडचण दिसते. टॉवरवरून दिव्याच्या झोताने खुणा देता येतात. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरायला मोकळीक, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. नियंत्रक दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जातो, शेजारच्या केंद्राची मदत घेतो, एका विमानाकरवी दुसऱ्याला निरोप देतो, नवी उड्डाणे जमिनीवरच रोखतो. ही सगळी साधने उपयोगी पडतात ती संकट एकटे आले तर.

संकटे एकत्र आली तर काय होते, हे १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या युबरलिंगेन गावाच्या आकाशात दिसले. तो हवाई प्रदेश स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या केंद्राकडे होता. त्या रात्री केंद्रात यंत्रणेचे पूर्वनियोजित काम काढले होते. त्यामुळे रडारची काही मदत मर्यादित झाली होती आणि मुख्य दूरध्वनी यंत्रणा बंद ठेवली होती. पर्यायी दूरध्वनी होता, पण त्यात बिघाड होता आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ड्युटीवर दोन नियंत्रक होते, त्यांतला एक विश्रांतीला गेलेला. उरलेला एक माणूस दोन टेबले सांभाळत होता. उशिरा आलेल्या एका विमानासाठी तो फ्रीड्रिक्सहाफेन विमानतळाला फोन लावत राहिला आणि फोन लागत नव्हता. तिकडे एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होते. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातील नियंत्रकाला हे आपल्या पडद्यावर दिसले. त्याने झुरिकला वारंवार फोन लावला. लाइन लागलीच नाही. झुरिकच्या नियंत्रकाने शेवटच्या क्षणी दिलेली सूचना आणि विमानातल्या टक्करविरोधी यंत्राची सूचना परस्परविरोधी ठरल्या आणि विमाने आदळली. ७१ जण मेले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती.

या दुर्घटनेला अनेक कारणे होती आणि तिथे कोणी जमीन खोदत नव्हते. तरीही बांधकाम आणि दळणवळण यांच्या संबंधातला सर्वांत मोठा धडा तिथेच आहे. काम काढले होते, ते मंजूर होते, पर्यायही कागदावर होता. त्या कामाचा परिणाम काय होणार हे प्रत्यक्ष विमाने सांभाळणाऱ्या माणसाला पुरते माहीत नव्हते आणि पर्याय चालतो का, हे कोणी तपासले नव्हते.

आपल्याकडचे चित्र

महाराष्ट्रात बांधकाम आणि दळणवळण यांचा संघर्ष सर्वांत ठळक दिसतो तो मुंबईत. दहिसरला विमानतळ प्राधिकरणाचे उच्च वारंवारितेचे रेडिओ ग्रहण केंद्र आहे. अरबी समुद्रावरून जाणारी विमाने साध्या रेडिओच्या टप्प्याबाहेर असतात आणि त्यांच्याशी बोलायला मुख्यतः उच्च वारंवारिता लागते. त्या केंद्राभोवती इमारतींच्या उंचीवर मर्यादा आल्या आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला. शेवटी केंद्र गोराईला हलवायचे ठरले. रहिवाशांची अडचण खरी होती आणि रेडिओची गरजही खरी होती. केंद्र उभारतानाच भोवतीच्या वस्तीचा विचार झाला नाही आणि वस्ती वाढताना केंद्राचा, म्हणून हा पेच पडला. मुंबई विमानतळाजवळच्या उंच इमारतींचा प्रश्न न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडण्याचे आदेश दिले.

कुंपणाबाहेरच्या गोष्टी किती जीवघेण्या ठरतात, हे आपल्या शेजारच्या औरंगाबादने २६ एप्रिल १९९३ रोजी पाहिले. चिकलठाण्याहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत सापडले आणि कोसळले. ५५ माणसे गेली. रस्ता, वाहतूक आणि वीजवाहिन्या हा विमानतळाचाच भाग समजून नियोजन करायला हवे, हा त्याचा अर्थ. केबलींनाही तोच न्याय लागू होतो.

देशभरचे चित्र आकड्यात पाहायचे तर केंद्राच्या दूरसंचार विभागाचा अंदाज पुरेसा बोलका आहे. अंदाधुंद खोदकामामुळे भारतात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटते आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. त्यावर उपाय म्हणून २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले. खोदणाऱ्याने जागा नोंदवायची, त्या जागेखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते आणि ते खबरदारी सांगतात. अमेरिकेत याच कामासाठी २००७ पासून ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्या ॲपची कल्पना उत्तम आहे, पण तिचे बळ दोन गोष्टींवर अवलंबून आहे. ज्यांच्या केबली आहेत त्यांनी त्यांचे खरे नकाशे भरायला हवेत आणि ज्याच्या हाती यंत्र आहे त्याने खोदण्याआधी विचारायला हवे.

जमिनीच्या वरच्या बाजूसाठी आपले नियम तुलनेने पक्के आहेत. ३० सप्टेंबर २०१५ च्या उंचीविषयक नियमांनी विमानतळांभोवतीचे रंगीत नकाशे आणि ना-हरकत प्रमाणपत्राची पद्धत घालून दिली. दळणवळण आणि टेहळणीच्या यंत्रांभोवतीचे निर्बंधही त्यात आहेत. विमानतळाच्या आत काम करायचे तर विमानतळ चालवणाऱ्याला आराखडा करावा लागतो आणि वैमानिकांसाठी नोटाम म्हणजे सूचनापत्र काढावे लागते. पुणे विमानतळ १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात धावपट्टीच्या कामासाठी पूर्ण बंद ठेवला, तेव्हा प्रवाशांना त्रास झाला, पण कधी काय बंद असेल हे सर्वांना आधी माहीत होते. कुंपणाबाहेर मात्र रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याचे, जलवाहिनी तिसऱ्याची आणि केबल चौथ्याची. टॉवरमधल्या माणसाला यांतले कोणीही काही सांगत नाही.

खान्देशात हे का महत्त्वाचे

जळगावचा विमानतळ शहराबाहेर कुसुंब्याला, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि ‘उडान’ योजनेखाली २०१७ च्या डिसेंबरात तिथून प्रवासी सेवा सुरू झाली. मध्ये सेवा खंडित झाली, पुन्हा सुरू झाली, आणि आता जळगावकर विमानाने मुंबई-पुण्याला जाण्याचा विचार सहज करतात. विमानतळ वाढेल तशी त्याच्याभोवती बांधकामे वाढणार, हे उघड आहे.

धुळ्यात देवपूरच्या पलीकडे गोंदूरची धावपट्टी आहे. प्रशिक्षणार्थींची छोटी विमाने घिरट्या घालताना देवपूरकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. शिकाऊ वैमानिकाला रेडिओचा आधार अनुभवी वैमानिकापेक्षा जास्त लागतो. एकटा आकाशात असताना कानावर पडणारा प्रशिक्षकाचा आवाज त्याला धीर देतो आणि चूक सुधारून देतो. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात शिरपूरच्या संस्थेचे प्रशिक्षण विमान कोसळले, त्यात प्रशिक्षक मृत्युमुखी पडले आणि प्रशिक्षणार्थी तरुणी जबर जखमी झाली. त्या अपघाताचा खोदकामाशी संबंध नव्हता. पण लहान विमानांचे उड्डाण म्हणजे दुय्यम बाब, असे मानणाऱ्यांनी तो विसरू नये.

आता जमिनीकडे पाहू. देवपूरने भुयारी गटार योजनेचे खोदकाम दीर्घकाळ सोसले. वाडीभोकर रोड असो की आतल्या कॉलन्या, चारी, मातीचे ढीग, चिखल आणि पुन्हा चारी हा क्रम इथल्या माणसाला पाठ आहे. अशा कामात नळाची पाइपलाइन फुटणे आणि टेलिफोनची केबल तुटणे लोकांनी गृहीतच धरले आहे. हीच सवय मला सर्वांत धोकादायक वाटते. ‘तुटली तर जोडून घेतील’ हे वाक्य घराच्या इंटरनेटपुरते चालून जाईल, नियंत्रणाच्या केबलला ते चालणार नाही. बकेटखाली दोन्ही केबली सारख्याच काळ्या दिसतात.

पुढची कामे आणखी मोठी आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. १८,०३६ कोटी रुपयांचा हा मार्ग धुळे जिल्ह्यातून जातो आणि बोरविहीर-नरडाणा हा त्याचाच टप्पा आहे. सुरत-नागपूर महामार्गाची रुंदीकरणे आहेत, पाणीयोजना आहेत. खान्देशाने या कामांसाठी अनेक वर्षे वाट पाहिली आहे आणि ती थांबावीत असे इथल्या कोणालाही वाटणार नाही. ती करताना जमिनीत काय आहे हे जाणून करावीत, एवढीच अपेक्षा आहे.

‘दिवसाला मोजकी विमाने, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारेल. मोठ्या विमानतळाला चार पर्याय असतात, अनेक नियंत्रक असतात, शेजारी दुसरे केंद्र असते. लहान विमानतळावर बहुधा एकच जोडणी आणि एकच माणूस असतो. तिथे एक केबल तुटली की मागे काही उरत नाही. वाहतूक कमी म्हणून धोका कमी, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

करायचे काय

पहिले काम नकाशाचे. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी विमानतळ व धावपट्ट्यांभोवतीच्या सर्व भूमिगत वाहिन्यांची प्रत्यक्ष तपासणी करून एकच नोंद तयार करावी आणि ती ॲपमध्ये चढवावी. जिथे नकाशावर विश्वास नाही तिथे यंत्र लावण्याआधी हाताने चाचणी-खड्डा घ्यावा.

दुसरे, या पट्ट्यात खोदकामाची परवानगी देताना महापालिका, ग्रामपंचायत, रेल्वे किंवा महामार्ग यंत्रणेने विमानतळाचे लेखी उत्तर घ्यावे. काम कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या टप्प्यात, हे टॉवरला आधी कळावे आणि उड्डाणे नसतील तेव्हाच नाजूक भागात यंत्र चालावे. त्या वेळी नियंत्रण यंत्रणेचा माहितगार माणूस चारीच्या काठावर उभा असावा आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा.

तिसरे, मुख्य आणि पर्यायी जोडणी वेगवेगळ्या वाटेने न्यावी. एक रस्त्याच्या बाजूने गेली तर दुसरी हवेतून किंवा उपग्रहावरून. मोठे काम सुरू होण्याआधी मुख्य जोडणी मुद्दाम बंद करून पर्याय चालतो का, हे पाहावे. युबरलिंगेनच्या त्या रात्रीआधी कोणी पर्यायी फोन उचलून पाहिला असता, तर बिघाड तेव्हाच कळला असता.

चौथे, जेसीबी-पोकलेनच्या चालकांना आणि मुकादमांना त्यांच्या भाषेत शिकवावे. मराठी, हिंदी आणि अहिराणीत अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण, पट्टीचा रंग कोणता, खुणेचा दगड कसा, केबल दिसली तर आधी फोन कोणाला. चुकून घाव बसला आणि चालकाने तो लगेच कळवला, तर त्याला शिक्षा होऊ नये. मजुरी कापली जाईल या भीतीने माणूस तुटलेली केबल मातीखाली झाकतो, आणि मग दोष शोधण्यात मोलाचे तास वाया जातात. शिक्षा असावी ती नकाशा न मागता काम सुरू करणाऱ्या ठेकेदाराला आणि नकाशा न देणाऱ्या मालकाला.

या चारही उपायांना मोठा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. ॲप आहे, नियम आहेत, यंत्रणा आहेत. जळगावच्या विमानतळ सल्लागार समितीने, धुळे महापालिकेने आणि रेल्वेच्या बांधकाम विभागाने एका टेबलाशी बसून कामांचे वेळापत्रक आणि केबलींचे नकाशे एकमेकांना द्यावेत. लोकप्रतिनिधींनी नवी सेवा, नवे शहर, मोठी धावपट्टी यांची मागणी करताना पर्यायी जोडणीचीही मागणी करावी. आणि आपण नागरिकांनी रस्ता खोदणाऱ्याला ‘काम कधी संपणार’ या प्रश्नाआधी ‘खाली काय आहे ते तपासले का’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. दळणवळणाची सुरक्षितता टॉवरमधल्या माणसावर सोपवून चालत नाही. ज्या जमिनीतून ती जाते, त्या जमिनीवर काम करणारे आणि राहणारे सगळेच तिला जबाबदार आहेत.